तुमच्या सोयीसाठी

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर तो आपणहून अपडेट होत बसला. चहा निवला तरी त्याचं चालूच. शेवटी एकदाचा उघडला, आणि माझी फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडली. मी वर्षानुवर्षं ज्यात लिहिते तो साधा, कोऱ्या पानाचा प्रोग्रॅम बाजूला सारून कंपनीवाल्यांनी स्वतःचाच आणून बसवला होता. वर गोड शब्दांत पाटी, ‘तुमच्या सोयीसाठी बदल केले आहेत.’ माझी सोय! बोट सवयीने जातं तिथे आता दुसरंच बटण. मशीन माझं, वीज माझी, आणि कारभार भलत्याचाच. सोय बघणाऱ्यांना आपल्याला विचारायची गरज कधीच का वाटत नाही?

“निदान विचारायचं तरी!” मी टेबलावर हात आपटला.

समोर आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मला कुठे विचारलं होतं? लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुझ्या बाबांनी त्यात अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं, झालं. कुसुम संपली. किती दिवस सासूबाई हाका मारायच्या आणि मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत.”

मग तिने विचारलं, “तुझं ते जुनं परत आणता येतं का गं?”

“येतं. सेटिंगमध्ये जाऊन शोधत बसावं लागतं.”

“येतं ना?” आईने पुढची शेंग उचलली. “मग एवढी चिडतेस कशाला?”