कुलूपबंद दारातून आलेला पुकारा

कोर्टात तुमच्या बहिणीचं नाव घेतलं गेलं आणि ते तिच्या कानावर पोचलंच नाही, तर ती गैरहजर कशी?

आधीच सांगते, भूतखेत, संकेत असलं मी काही मानत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी स्वतः बाजारात वाटलीत, त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. पण हे माझ्या कानांनी ऐकलंय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्ह्यातलं एक कोर्ट — गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भर चौकात निजामाच्या काळातली दगडी इमारत. समोर उंच गोल खांब, वर त्रिकोणी माथा. खांबांमागचा मोठा दरवाजा कित्येक वर्षं कुलूपबंद. सगळी ये-जा बाजूच्या दारानं.

माझ्या थोरल्या बहिणीची, सुमनताईची तारीख होती. सासरच्यांनी तिला हाकललं आणि तिची लहानगी पिंकी ठेवून घेतली. पोरीच्या ताब्यासाठी ताईचा अर्ज होता. आमच्या केदारखेड्याहून जीप न मिळाल्यानं मागची तारीख हुकलेली. "पुन्हा गैरहजर राहिलात तर अर्ज फेटाळीन," असं न्यायाधीशांनी बजावलेलं.

"आत गर्दी करू नका," दारावरचा शिपाई म्हणाला. "पुकारा झाला की या."

पुकारा म्हणजे शिपायानं दाराबाहेर येऊन मोठ्यानं तीनदा नाव घ्यायचं. जुनी रीत. आम्ही समोरच्या लिंबाखाली, चहाच्या गाड्याजवळ बसलो. आमचे वकील दुसऱ्या खोलीत अडकलेले. ताई पिंकीचा झगा मांडीवर घेऊन नुसती घडी घालत होती, मोडत होती.

भर दुपारी खांबांमधून खणखणीत आवाज आला —

"सुमन बिन्ते किसन... हाजिर हैऽऽऽ?"

ताई उठून पळत सुटली. मी मागे. बाजूच्या दारानं आत शिरलो तर सासरच्यांचे वकील उभे राहून सांगत होते, "साहेब, तीनदा नाव घेतलं. अर्जदार गैरहजर आहेत..."

"हाय! मी हाय!" ताई ओरडली.

अर्ज फेटाळायचा वाचला. त्या दिवशी ताईचा जबाब झाला. पुढे पिंकी घरी आली.

बाहेर येऊन मी शिपायाला म्हटलं, "काका, बरं झालं मोठ्यानं पुकारलंत."

"मी?" त्यांचा आवाज घोगरा, जेमतेम निघणारा. "घसा बसलाय, पोरी. आतच नाव घेतलं. बाहेर आल्तोच कुठं मी?"

मी खांबांकडे धावले. गंजलेलं कुलूप तसंच. पायऱ्यांवर कबुतरांच्या विष्ठेचा थर, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. चहाच्या गाड्यावरचे चाचा म्हणाले, "आम्ही पण ऐकलं ना! म्हटलं, आज निजामाच्या वेळेसारखं उर्दूत कोण पुकारा करून राह्यलं?"

आणि खरा धक्का मला मग बसला. ताईच्या कागदांवर सगळीकडे 'सुमन भ्रतार अशोक' होतं. नवऱ्याचं नाव. 'बिन्ते' म्हणजे मुलगी, आणि किसन आमचे वडील. ते वारून वर्षं झाली होती, आणि त्या कोर्टात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.

ताई खांबापाशी नारळ फोडायला निघाली. मी अडवलं. परतीच्या जीपमध्ये ती फणकारली, "मंग तुझ्या पत्रकानं हाक मारली का मला?"

मी वाटभर हिशेब मांडत राहिले. आजही मांडते. कुणी खोडी केली म्हणावं तर पाऊल कुठंय? भास म्हणावं तर चाचांनी कसं ऐकलं?

नारळ मी अजूनही फोडणार नाही. पण एवढं मागते. तुम्ही कधी कोर्टात बसला असाल आणि आतल्या आत कुणाचं नाव पुटपुटलं गेलं, तर उठा. बाहेर झाडाखाली एखादी बाई वाट बघत असेल. दारात उभे राहा आणि तिचं नाव मोठ्यानं पुकारा... तीनदा.