आमेन दुसऱ्यानं म्हणायचं

मावशीच्या घरी घोटभर पाणीसुद्धा पटकन प्यायला मिळायचं नाही. तांब्या हाती घेतला की आधी ती डोळे मिटायची. "देवबापा, या पान्यासाठी तुझे उपकार मानते," असं सावकाश म्हणायची आणि एक डोळा किलकिला करून आपल्याकडे बघायची. आपण "आमेन" म्हटल्याशिवाय तांब्या ओठाला लागायचा नाही. "उपकार आपुन मानायचे, आमेन दुसऱ्यानं म्हनायचं. म्हंजी देवाला कळतं, ही एकटी न्हाई," हे तिचं शास्त्र. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात तिला सगळे उपकारमावशीच म्हणायचे. तिच्या घराला लागूनच माझं सासर. ती ख्रिस्ती, आम्ही हिंदू; मध्ये एक कुडाची भिंत. तिच्या आमेनचं काम बहुतेक माझ्याच गळ्यात पडायचं.

गावात चर्च नव्हतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. "तवर देवाला काय ताटकळत ठिवायचं?" म्हणत मावशी चुलीपुढे गीत गायची, गाईच्या कासेला हात लावण्याआधी प्रार्थना करायची. दूध संस्थेत माप घ्यायच्या वेळीही तिचे डोळे मिटलेले. मापाडी ओरडायचा, "मावशी, दूध नासंल की!"

"नासलं तर त्याचेबी मानीन. तू माप घे."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

मग दुष्काळ आला. चारा संपला, गाई विकल्या गेल्या, दूध संस्थेला कुलूप लागलं. टँकर नेमका रविवारी सकाळी, तिच्या उपासनेच्या वेळेला यायचा. ती घागर घेऊन रांगेत उभी राहायची आणि तिथंच गीत म्हणायची. मला तर तिचा संतापच यायचा. एकदा म्हटलंच, "मावशी, कसले उपकार मानताय? हिरीत चिखलबी न्हाई राहिला."

"हिरीचे कुठं मानते? टँकरचे मानते," ती म्हणाली आणि घागर पुढे सरकवली.

तिचा एकुलता एक योहान साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला जायचा. त्या हंगामात उताराला ट्रॉली उलटली आणि तो खाली सापडला. सगळ्या गावानं मिळून माती दिली. मावशी रडली नाही. मात्र त्यानंतर दोन दिवस तिनं अन्न घेतलं नाही, पाण्याचा थेंबही नाही. भाकरी वाळून गेली. तांब्या भरलेला तसाच.

मी गयावया केली, शेवटी भांडले. तेव्हा ती हळूच म्हणाली, "सुमन, उपकार मानल्याबिगर मी कधी घोट घेतला न्हाई. आन् आता तोंडातून उपकार निघंना. त्याच्याशी खोटं कसं बोलू?"

बाई मरणार, हे मला दिसत होतं. मला तिच्या देवाशी बोलता कुठं येत होतं? तरी तांब्या उचलला, डोळे गच्च मिटले. "देवा, ही बाई तुझ्यावर रुसलीया. तिचं काय चुकलं सांग? पर पानी तर प्यायला पायजे. तिच्या वतीनं मी उपकार मानते." आणि सवयीनं शेवटी म्हणून गेले, "पांडुरंग हरी!"

मग मावशी म्हणाली, "त्याला आमेन म्हंतेत, बाई." आणि पाणी प्यायली. पिता पिता जी रडायला लागली, ती थांबेचना. मीही तिला मिठी मारून रडले.

पुढे वर्षभर दोन्ही वेळा उपकार मी मानायचे, आमेन ती म्हणायची. सासू कुरकुरायची, "जाऊन जाऊन तूच किरिस्ताव व्हशील!" मी म्हणायचे, "झाले तर झाले." गीत मात्र तिच्या घरातून पुन्हा ऐकू आलं नाही. तिची चूल मुकाट पेटायची, आणि कधीकाळी त्या गाण्यावर हसणाऱ्या मला ते सोसायचं नाही.

पाऊस झाला त्या साली ती खचली. तालुक्याच्या दवाखान्यात एका सकाळी तिनं पाणी मागितलं. मी तांब्या घेतला, नेहमीसारखे डोळे मिटले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आज मी म्हनते." आवाज अगदी खोल गेला होता. "देवबापा, योहान दिला हुतास, त्याचे उपकार. ही सुमन दिलीस, तिचे उपकार. या पान्याचे..."

आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं.

आमेन निघायला मला वेळ लागला. निघालं तेव्हा तांब्या तिच्या ओठाला लावला. पाणी गालावरून उशीवर ओघळलं.

माझं आमेन तिनं ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही. म्हणून आता रोज पाणी पिताना मी ते मोठ्यानं म्हणते. घरातले हसतात. हसू देत.