हिरवळीवरची बैठक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बड्या कंत्राटदारांचा बंगला आहे. त्यांनी रस्त्याची बरीचशी जागा लोखंडी जाळीत घेऊन आत हिरवळ लावलीय. समोरून रिक्षा आली की दुचाकीवाल्याला तिथं थांबूनच राहावं लागतं. साहेबांची वरपर्यंत ऊठबस, त्यामुळे त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही.

आमच्या दारापुढं मात्र नुसता एक दगडी कट्टा होता. सकाळी शेजारच्या काकी त्यावर भाजी मांडायच्या, पेठ वडगावच्या बाजारातनं आणलेली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिथं बसायच्या. माझ्या सासूबाई असल्याशिवाय त्या बैठकीला रंग चढत नसे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अतिक्रमण काढणारे लोक जेसीबी घेऊन आले आणि कट्टा उचकटला. काकींचा वजनकाटा आणि पाटीभर मेथी त्यांनी गाडीत टाकली. सासूबाईंनी साहेबांच्या जाळीकडं बोट दाखवून, ती कधी काढणार, असं विचारलं. तिथं कोर्टाचा स्टे आहे, अधिकारी म्हणाला. मग आम्हालाही एक स्टे द्या, असं सासूबाई म्हणाल्या. त्यावर तो हसला. मला तो हसल्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी सासूबाई घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलून निघाल्या. शेजारी बसायला चालल्या असतील, असं मला वाटलं. पण त्या थेट जाळीचं फाटक ढकलून आत गेल्या आणि हिरवळीच्या मधोमध खुर्ची मांडून बसल्या. मागोमाग काकी गेल्या, मग बाकीच्या बायका. मी आधी दारातच घुटमळले. मग चहाचा थर्मास घेऊन मीही गेले.

वॉचमन धावत आला. ही खासगी जागा आहे, उठा, म्हणून विनवू लागला.

"रस्ता हाय की ह्यो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आमी रस्त्यावर बसलोय. न्हाय म्हणायचं असंल तर साहेबांस्नी येऊन सांगू दे."

त्यानं फोन लावला. तोवर जाळीबाहेर गर्दी जमली, लोकांनी मोबाइल काढले. थोड्या वेळानं साहेब पाहुण्यांसह गाडीतून उतरले. सगळ्यांसमोर ही जागा आपली म्हणणं अवघड, आणि रस्त्याची म्हणणं तर त्याहून अवघड. ते हात जोडून छान हसले.

"बसा की मावशी. तुमचंच हाय सगळं."

सासूबाई गर्दीकडं वळल्या. "ऐकलासा न्हवं? आमचंच हाय म्हणाले."

हशा पिकला. साहेबही हसले, काय करतील!

दुसऱ्या दिवसापासून काकी भाजी तिथंच मांडू लागल्या, नवा वजनकाटा घेऊन. साहेबांना कुठली नोटीस आली नाही. जाळी अजून जागच्या जागी आहे, रिक्षा अजून अडतात, आणि आमचा कट्टा काही परत बांधला गेला नाही. ते मला अजून सलतं. पण संध्याकाळी तिथं एवढ्या गप्पा रंगतात की माझा स्वयंपाक रोज उशिरा होतो. माळ्यानं बसणाऱ्यांसाठी एक कोपरा पाणी न मारता कोरडा ठेवलाय.

परवा साहेबांच्या मिसेस भेंडी घ्यायला आल्या. भाव जरा कमी करा म्हणाल्या. काकींनी केला नाही.