रडायचं ते कुर्डुवाडीपर्यंत

आमच्या घरात रडण्याला हद्द आहे आणि ती हद्द कुर्डुवाडी आहे. पोरगं रुसून बसलं, नवरा दुकानातून तोंड पाडून आला, माहेरच्या आठवणीनं माझं नाक लाल झालं, की माझी आत्येसासू आतून आवाज टाकायची, "रडायचं ते कुर्डुवाडीपर्यंत." म्हणजे किती, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. थोडा वेळ रडा, तोंड धुवा आणि कामाला लागा.

हे कळायला आमची छोटी लाईन कळली पाहिजे. इंग्रजांच्या काळात बार्शीहून कुर्डुवाडीला छोटी गाडी सुरू झाली. तिचे रूळ जेमतेम अडीच फुटांच्या अंतरावर. जाणकार माणसं याची कारणं सांगतात, खर्च, कापूस, दुष्काळ, असं बरंच काही. आत्याला यातलं काही मान्य नव्हतं. तिच्या मते साहेबानं आधी मुंबईची मोठी लाईन टाकली आणि उरलेल्या सामानात आमची बसवली, जसा साडीच्या उरल्यासुरल्या तुकड्यात झंपर बसवावा. दोन्ही लाईनी कुर्डुवाडीला भेटायच्या, पण एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर चढायची नाही. त्यामुळे माणूस असो की कापसाची गाठ, कुर्डुवाडीला उतरायचं, बसून राहायचं आणि मग दुसऱ्या गाडीत चढायचं.

छोटी गाडी सावकाश चालायची हे खरं आहे. चालत्या गाडीतून उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटले आणि पुन्हा त्याच डब्यात चढलो, असं या लाईनीवरचा प्रत्येक म्हातारा छातीठोक सांगतो. आत्याही सांगायची, वर लुगडं सावरत उतरल्याचा अभिनय करून दाखवायची. एवढी माणसं खरंच उतरली असती तर बार्शी तालुक्यात हरभऱ्याचा दाणा शिल्लक राहिला नसता. पण तिच्यासमोर हे बोलण्यात अर्थ नव्हता.

आत्याचं सासर सोलापूरचं, नवरा तिथं गिरणीत होता. बार्शीहून सोलापूरला वैरागवरून सरळ एसटी जाते, पण आत्याला एसटी लागते. वैराग यायच्या आत तिची अवस्था अशी व्हायची की शेजारची माणसं आपणहून जागा सोडायची. म्हणून ती उलटा वळसा घालून रेल्वेनं जायची. आईला सोडून निघाली की छोट्या गाडीत पोटभर रडायची, कुर्डुवाडीला फलाटावरच्या नळावर तोंड धुवायची आणि मोठ्या गाडीत सून होऊन बसायची. त्या नळावर तिला तिच्यासारख्या कितीतरी लेकीसुना भेटल्या म्हणे. पुढं नवरा गेला. लहान मुलाला घेऊन ती माहेरी परत आली, तेव्हाही त्याच नळावर तोंड धुऊन आली. बार्शीत उतरल्यावर तिला रडताना कुणी पाहिलं नाही.

मी पण सोलापूरची. आत्यानंच मला शोधून आणलं. लग्न लागल्यावर वऱ्हाड ट्रकनं वैरागवरून निघालं आणि आत्याच्या पोटापायी आम्हा नवराबायकोला तिच्याबरोबर रेल्वेनं यावं लागलं. ट्रकवाले पोचून, जेवून, झोपून उठले तरी नवरी वाटेतच. नवरदेव बाकावर घोरत होता. मी मोठ्या गाडीत रडायला सुरुवात केली ती थांबेचना. कुर्डुवाडीला आत्यानं मला हाताला धरून नळावर नेलं, माझ्या मुंडावळ्या भिजू नयेत म्हणून दोन्ही हातांनी वर धरल्या आणि म्हणाली, "धू आता. छोट्या गाडीत बसलं की बास." मला तेव्हा तिचा असा राग आला होता की विचारू नका.

तो राग मी नंतर इतकी वर्षं व्यवस्थित चालवला. चहात साखर किती, भाकरी जाड का, कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा, आमचं कशावरच जमलं नाही. छोटी लाईन उखडून मोठी केली तेव्हा सगळी बार्शी गाडी बघायला गेली. आत्या माझ्याकडं बघत म्हणाली, "रुंद झाली गं बाई. ह्या घरात आली ती समदी रुंदच झाली." मी दोन दिवस अबोला धरला. तिला तो कळलाच नाही, कारण ती एकटीच दोघींचं बोलत होती.

मग या वर्षी तिच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. तिकडं लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, आता आईनं कायमचं इकडं यावं. तिचे गुडघे गेलेत, तेव्हा नाही तरी कशाला म्हणायचं? आत्या हो म्हणाली. मी शेजारणींना सांगत सुटले की आता माझ्या चहात मला पाहिजे तेवढी साखर पडणार. रात्री पीठ मळताना मात्र माझे हात चालेनात. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि हे तोंडातून निघेल कसं, इतक्या वर्षांची भांडणं आडवी येत होती.

नवऱ्याला दुकान सोडता येईना, म्हणून पोचवायला मीच निघाले. बार्शीहून आता पुण्याला थेट गाडी आहे. डब्यात शिरताच आमचं खिडकीवरून वाजलं. मीच हट्टानं खिडकी घेतली. आत्या कुरकुरली आणि शेंगा चटणीचा डबा मांडीवर घेऊन गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं, पण मी बाहेर बघत होते.

कुर्डुवाडी आली आणि आत्या उठली. म्हणाली, गाडी बदलायची. मी म्हटलं, आत्या, ही थेट जाते. समोरचा कॉलेजातला पोरगाही समजावायला लागला, आजी, बसा, हीच गाडी पुण्याला जाते. आत्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते दुखरे गुडघे घेऊन अशी झपाझप उतरली की मला पिशव्या गोळा करून मागं पळावं लागलं. मी फलाटावर पाय टेकते न टेकते तोच गाडी हलली.

मी भडकले. गाडी गेली, तिकिटं गेली, मुलगा पुण्याला स्टेशनवर उभा राहणार, आणि ह्या म्हातारीला अजून छोटी लाईनच दिसतेय, असं मी फलाटभर बडबडत होते. आत्याचं लक्षच नव्हतं. ती नळ शोधत होती. जुना नळ कधीच गेलाय. आता तिथं बटण दाबायचा नळ आहे, बोट काढलं की पाणी बंद. एका हातानं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हातानं तोंड धुवायचं, अशी तिची कसरत चालली होती. मी रागात होते, मदतीला गेले नाही. बराच वेळ तिनं तोंड धुतलं. पदरानं पुसून वळली तेव्हा डोळे लालभडक होते.

माझा आवाज खाली आला. "आत्या, तुम्हाला माहीत होतं ना गाडी थेट जाते?"

"व्हय. यडी हाय का मी?" ती म्हणाली. "पण मग तोंड कुटं धुवायचं?"

"गाडीत बेसिन आहे की."

"ते हात धुवायला."

मी तिच्या मुलाला फोन करून मागून येणाऱ्या गाडीनं येतो म्हणून सांगितलं. आत्या तशीच नळापाशी उभी होती, माझ्याकडं बघत.

"माझं झालं," ती म्हणाली. "आता तू धू."

"मला काय झालंय?"

"बार्शीपासनं खिडकीकडं तोंड करून बसलीयास. मला दिसत न्हाय व्हय? ये."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि नळाखाली वाकले. बटणाला हात घालायला गेले तर आत्यानं माझा हात बाजूला सारला आणि आपला अंगठा त्यावर ठेवला. पाणी सुरू झालं. मी दोन्ही हातांच्या ओंजळी भरून तोंडावर मारल्या, पुन्हा मारल्या, पण डोळे काही थांबेनात. आत्या बटण दाबून उभी होती.

"घाई नगं," ती म्हणाली. "म्होरल्या गाडीला लई येळ हाय."