मोटारीची खांदमळणी

रामलिंग मिस्त्रीकडे गाडी आणणारा माणूस हटकून एक चूक करायचा. तो गाडीच्या दुखण्याचं नाव सांगायचा. "मिस्त्री, बुश गेलेत," असं कुणी म्हटलं की रामलिंग हातातला पाना खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "मंग बसवा की तुमीच. मी च्या पिऊन येतो." त्याला फक्त आवाज सांगायचा. खड्ड्यात येतो का वळणावर, गाडी रिकामी असताना का भरल्यावर, एकदा येतो का सारखा. दुखण्याला नाव ठेवायचं काम त्याचं.

जिंतुरात माझं शिवणकामाचं दुकान त्याच्या कारखान्यासमोर होतं. कारखाना म्हणजे काय, एक कडुलिंब, त्याला टेकवलेले पत्रे आणि तेलानं काळी झालेली जमीन. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्याआधी रामलिंग हैदराबादेत एका मोटारखान्यात होता. धामधुमीत सगळं सोडून गावी आला. गळ्यात लिंग, बोलण्यात निम्मी दखनी, आणि जिभेला हाड नाही. थट्टा केल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. माझ्या शिलाईवरही बोलायचा. "मास्तर, तुमी शिवलेली बंडी घातली की माणूस आपसूक वाकडा चालतोय." मला त्याचा राग यायचा, आणि तो दुकानात डोकावला नाही तर दुपार जायची नाही.

आवाज शोधायची त्याची रीत ठरलेली. आधी गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडायचा आणि ती कशी हलते ते बघायचा. मग मालकाला गाडी चालवायला लावून स्वतः फुटबोर्डावर उभा राहायचा, कान पत्र्याला लावून. नदीकडच्या दगडगोट्यांवरून गाडी गेली की डोळे मिटायचा. लोक हसायचे. त्यानंतर तेलाची झारी. एका जागी तेल सोडायचं, फेरी मारायची. आवाज तसाच राहिला तर दुसऱ्या जागी सोडायचं. जिथं तेल सोडल्यावर आवाज बदलला किंवा गेला, तिथं बोट ठेवायचं. "जागा घावली," म्हणायचा. आणि लगेच पुढं म्हणायचा, "जागा घावली म्हंजी दुखणं गेलं न्हाई बरं का. आता उघडून बघायचं." हे दुसरं वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्या एका दिवशी ते त्याच्या तोंडून का आलं नाही, याचा मला आजही उलगडा होत नाही.

मुंजाजी धनगराची मोटार त्याच्याकडे आली ती पोळ्याच्या चार-सहा दिवस आधी. धनगर आणि मोटार, यावर गावानं पोटभर हसून घेतलं होतं. मेंढरं विकून मुंजाजीनं ती जुनी गाडी घेतली होती. संस्थान गेल्यावर हैदराबादेला निघून गेलेल्या कुणा जहागीरदाराची होती म्हणे. "मुंजाजी, मोटारीला पाला कुठला घालतोस?" असं पोरंसोरंही विचारायची. तो हसण्यावारी न्यायचा. कारण विचारणाऱ्याला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं की ही हौस नव्हे.

त्याच्या बायकोची, म्हाळसाबाईची, दोन बाळंतपणं घरी झाली होती आणि दोन्ही वेळा मूल मेलेलं निघालं. दुसऱ्या खेपेला बाईही जायची, कशीबशी राहिली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, पुन्हा दिवस राहिले तर पहिली कळ आली की इथं आणायचं, नाही तर दोघांतलं कुणीच हाती लागणार नाही. परभणी काही हाकेच्या अंतरावर नाही. सरकारी बस येईल तेव्हा येणार, पावसात तर तेही नाही, आणि बैलगाडीनं पोचेपर्यंत कळा थांबत नाहीत. म्हणून मेंढरं गेली आणि मोटार आली. एरवी मुंजाजी चारठाण्याच्या बाजाराची, देवळाची भाडी मारायचा. म्हाळसाबाईला नववा लागला तशी त्यानं लांबची भाडी सोडून दिली.

आणि नेमका तेव्हाच गाडीत आवाज सुरू झाला.

"मागून डाव्या अंगानं येतोय," मुंजाजी म्हणाला. "टक करतंय. एकदाच. मंग गप."

"सारखं कुरकुरत न्हाई?"

"न्हाई."

रामलिंगचा चेहरा जरा बदलला. कुरकुरणाऱ्या गाडीला तो सासूबाई म्हणायचा. बोलून बोलून दमते, पण घर पाडत नाही. एकदाच बोलून गप्प बसणारा आवाज त्याला आवडत नसे. त्यानं गाडी दाबून पाहिली, फुटबोर्डावर उभा राहून दोन फेऱ्या मारल्या. आवाज कमानीतून येत होता हे नक्की. मागच्या चाकावर पाट्यांची कमान असते, एकावर एक लोखंडी पाटे, आणि मधोमध ते सगळे बोल्टांनी आसाला आवळलेले असतात. सगळा भार तिथं. रामलिंगनं टोकांच्या पिनांत तेल सोडलं, आवाज तसाच. पिना बदलल्या, पिनांभोवतीचे बुश बदलले, तरी टक. गाडीत सरकीची पोती भरून पाहिलं, तर आवाज वाढला. यात पोळ्याचा आदला दिवस उजाडला, आणि उरली ती मधली आवळलेली जागा. वरून काही दिसत नव्हतं.

"आतमधी मोठ्या पाट्याला चीर असंल," तो म्हणाला. "नसलंबी. कमान उतरवल्याबिगर कळणार न्हाई. उद्या अख्खा दिवस मला दे."

"उद्या पोळा हाय, मिस्त्री."

"मंग आजच घेतो. संध्याकाळपतुर उघडून तरी होईल."

"आज खांदमळणी," मुंजाजी म्हणाला. त्याच्या हातात पितळी वाटी होती, तूप-हळदीची. "एकदा खांदा मळला की हत्यार लावायचं न्हाई. परवा करा, बिनघोर."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना आवतण देतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मग पोळा सरेपर्यंत बैलाच्या मानेवर जू नाही, अंगाला पराणी नाही. मुंजाजीकडं बैल कुठले? मेंढरंही गेली. जे काम करून खायला घालतं त्याला पुजायचं, एवढं साधं त्याचं म्हणणं. तेव्हा मोटारीचा पोळा. माझ्याकडून त्यानं टपावर घालायला झूलसुद्धा शिवून नेली होती, लाल, कडेला पिवळी झालर लावून.

"पर मिस्त्री," तो अगदी मनापासून म्हणाला, "मोटारीचा खांदा कुठं असतोय?"

झालं. असा सवाल रामलिंगला आयताच मिळाला. तो गाडीखाली वाकला आणि मागच्या डाव्या कमानीवर थाप मारून म्हणाला, "ह्यो काय! सगळं वझं ह्याच्यावर. मळ चांगला, कंजूषी करू नकोस." आजूबाजूचे खो खो हसले. मीही हसलो. मुंजाजी मात्र खाली बसला आणि त्यानं दोन्ही कमानींना तूप-हळद लावली, पाट्यापाट्यांच्या फटीत बोटं घालून, पातळ झालेलं तूप आत मुरेपर्यंत. म्हाळसाबाई अवघडलेली, पलीकडं उभी राहून बघत होती. तिनं मोटारीला आवतण दिलं. तेव्हा कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीला झूल घालून मुंजाजीनं फेरी काढली, आणि दगडगोट्यांवरून जाताना आवाज आला नाही. परत फिरवली. नाहीच. रामलिंग फुटबोर्डावर डोळे मिटून उभा होता. उतरला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. इतके दिवस हुलकावणी देणारी जागा त्याच्या थट्टेनं सापडली होती.

"आता उद्या काहून उघडायची?" मुंजाजी म्हणाला. "ऐन टायमाला गाडी खोलून पडली तर? हिचे दिस भरलेत, काय नेम?"

रामलिंगनं फटीतलं तूप बोटानं चाचपलं. मग म्हणाला, "बरं. वंगणाचंच असंल."

कळा त्याच दुपारी सुरू झाल्या. धुरपताबाई सुईण म्हाळसाबाईला धरून मागं बसली, रामलिंग आपणहून फुटबोर्डावर चढला. मला वाटतं त्याच्या मनात कुठंतरी कुसळ होतं, नाही तर सणाचं ताट सोडून तो कशाला जातोय. पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं, एका दमात नाही, तुकड्या-तुकड्यानं, बरेच महिने.

परभणीच्या वाटेवरचं बोरी गाव मागं पडेपर्यंत गाडी गुपचूप चालली. एक शब्द नाही. पुढच्या ओढ्याच्या उतारावर पाणी होतं, मुंजाजीनं जपून गाडी घातली, आणि पलीकडं चढताना डाव्या बाजूला मोडल्याचा आवाज आला. मोठा पाटा तुटला होता. आस मागं सरकला, चाक मडगार्डात अडकलं आणि गाडी तिथंच बसली. रामलिंगनं जॅक लावला, तर तो चिखलात रुतत गेला. दोरानं आस बांधून ओढायचं पाहिलं. गाडी हलली नाही. आत म्हाळसाबाई ओरडत होती, आणि मग ओरडायची बंद झाली, तेव्हा रामलिंग म्हणे तिच्या आवाजासाठी देवाचा धावा करायला लागला.

मुंजाजी जवळच्या खेड्यात पळत गेला. वेशीत सगळे बैल उभे होते, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. एवढे बैल त्याला जन्मात एका जागी दिसले नसतील. त्यानं हात जोडले, एक जोडी द्या, गाडी द्या. मग आश्रुबा नावाचा एक म्हातारा पुढं आला.

"दादा, गाडी घे. बैल मागू नको," तो म्हणाला. "आज त्यांच्या मानंवर जू ठिवलं तर आमचं घर राहायचं न्हाई. पर बाईबी टाकून देणार न्हाई आमी. आमीच जुपतोत."

आणि ती माणसं खरंच जुंपली. नवी धोतरं नेसलेली, कपाळाला कुंकू लावलेली माणसं आळीपाळीनं जुवाखाली शिरली आणि बैलगाडी ओढायला लागली. रामलिंगनं आपली पाळी संपल्यावर जू सोडलंच नाही. चिखल गुडघ्याएवढा. बैलांनी गाडी सहज नेली असती हे प्रत्येकाला कळत होतं. मला त्या गावाचा राग येतो. मग वाटतं, कुठल्या तोंडानं? सणासुदीला स्वतः जू ओढणारी माणसं आणखी काय करणार होती?

झरी गावाच्या अलीकडं धुरपताबाईनं गाडी थांबवायला सांगितली. म्हाळसाबाई गेली होती. मूल पोटातच राहिलं.

पंधरवडाभर मुंजाजी दिसला नाही. लोकांनी मोटार कशीतरी ओढून कडुलिंबाखाली आणून टाकली. माझी झूल चिखलानं माखून तशीच टपावर होती. रामलिंग तिच्याकडं बघत नसे. थट्टा बंद झाली होती. गिऱ्हाइकं आली की सांगितलेलं काम मुकाट करायचा, बुश म्हटले तर बुश.

मग एका सकाळी मुंजाजी आला. डोक्यावरचे केस उतरवलेले. त्यानं कुणाला शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. गाडीपाशी उकिडवा बसून म्हणाला, "मिस्त्री, उघडा."

रामलिंगनं कमान उतरवली. पाट्याचे दोन तुकडे बाजूला ठेवले. मी दुकानातून उठून जवळ गेलो. लोखंड एकदम तुटलं की तुटलेली जागा चकचकीत, खडीसाखरेसारखी दिसते. ह्या तुकड्याची काठाकडची जेमतेम बोटभर जागा तशी होती. बाकी सगळी काळी, गंजलेली. म्हणजे चीर जुनी होती, कितीतरी दिवसांपासून वाढत आलेली. ते मला कळलं, कारण इतकी वर्षं मी समोर बसून तेच बघत आलो होतो. मुंजाजीला कळण्यासारखं नव्हतं. त्यानं तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं,

"पोळ्याच्या आधी उघडली असती, तर दिसलं असतं का हे?"

रामलिंगला नाही म्हणता आलं असतं. लोखंडाचा काय भरवसा, ऐनवेळी तुटलं, असं म्हणाला असता तर अख्ख्या जिंतुरात त्याला खोटं पाडणारा माणूस नव्हता. मी तर तोंड उघडलं नसतं. पण दुखण्याचं नाव सांगणं हा त्याचा धंदा होता, आणि मला वाटतं, त्याला शिक्षाही हवी होती. मुंजाजीनं तो तुकडा डोक्यात घातला असता तरी तो हलला नसता.

"दिसलं असतं," तो म्हणाला. "सगळं दिसलं असतं. माझी चूक हाय. मी उघडायला पायजे होतं."

मुंजाजीनं तुकड्याच्या काळ्या भागावरून अंगठा फिरवला. मग त्यानं तो हळूच, आवाज होऊ न देता खाली ठेवला.

"मीच नको म्हणलो होतो उघडायला," तो म्हणाला. "पर आत्ता तुमी 'न्हाई, दिसलं नसतं' म्हणायला पायजे होतं, मिस्त्री. हे घेऊन मला अजून लय दिवस काढायचेत."

तो उठला आणि चारठाण्याच्या रस्त्यानं पायी निघून गेला. मोटार न्यायला तो कधीच आला नाही.