एका मीटरवर दोन धंदे

मेश्रामसाहेब गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी बिबवेवाडीतल्या माझ्या नटबोल्टच्या कारखान्यात होते. "शैलाताई, बाबा पहाटे गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. बरं काय, कपाळ माझं... पण त्या क्षणी दुसरा शब्दच सुचला नाही. पाच आठवडे झाले, अजून त्याची लाज वाटते.

साहेब मूळचे चंद्रपूरकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांचा जन्म गेला, तो देशोदेशींच्या लोकांबरोबर व्यापाराचे नियम ठरवण्यात. जो कारखाना धूर कमी करेल त्याच्या मालाला परदेशाचं दार उघडं असावं, यावर त्यांचा मनापासून विश्वास. निवृत्तीनंतर आमच्याच सोसायटीत राहायला आले आणि जिन्यात गाठून मला हे समजावत. मी ऐकून घेई. मग एक दिवस आमचे बोल्ट युरोपला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने फॉर्म धाडला: माल बनवताना वीज किती लागली, कार्बन किती सुटला, पुराव्यासह लिहा, नाहीतर पुढची ऑर्डर नाही. माझ्याकडे सात माणसं कामाला. तडक साहेबांच्या दारात जाऊन म्हटलं, "आपल्या नियमाने माझं शटर खाली येतंय. कुलूप लावायलाही आपणच या."

ते चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात आले, मीटर दाखवा म्हणाले. मी दाखवला.

"आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा?"

"हाच. शेड एका मालकाची, मीटर एकच. आम्ही आपसात वाटून घेतो."

साहेब मीटरकडे बघत म्हणाले, "ताई, इतकी वर्षं आम्ही टेबलाभोवती बसलो, पण एका मीटरवर दोन धंदे असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही." त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

पुढे सव्वा महिना ते रोज येत. गिरणी कधी सुरू, कधी बंद, तेव्हा मीटर किती, सगळं वहीत. केनियातल्या एका जुन्या सहकारी बाईंनाही त्यांनी हे कळवलं. तिकडे फुलं पिकवणाऱ्या बायकांचं शीतगृह सामायिक, अडचण हीच. दोघांनी मिळून वाटाघाटी करणाऱ्यांसाठी मसुदा लिहिला: छोट्या धंद्यांना एकत्र मोजू द्या, नीट मोजता येईपर्यंत अंदाज चालवून घ्या, आणि मोजायला शिकवण्याचा भार श्रीमंत देशांनी उचलावा. साहेब तो मला मराठीत वाचून दाखवत. "कळलं?" "नाही." "मग पुन्हा लिहितो." भारी हट्टी माणूस. व्यापाऱ्याने वहीतल्या नोंदी मान्य केल्या, ऑर्डर टिकली. मसुद्यावर मात्र अजून चर्चाच चालू आहे, असं केनियाच्या बाईंनी परवा कळवलं. साहेबांना त्याचा निकाल बघायला मिळाला नाही, याची मला फार हळहळ वाटते.

मागच्या आठवड्यात माझा स्वतंत्र मीटर बसला. आता नोंदींची गरज उरली नाही. पण साहेबांना वेळ टिपता यावी म्हणून गिरणीवाले शिंदेकाका बटण दाबण्याआधी भिंतीपलीकडून हाक द्यायचे, ती सवय काही सुटलेली नाही. आज सकाळीही आवाज आला, "साहेब, चालू करतोय हो."

मग पलीकडे एकदम शांतता. गिरणी सुरूच होईना... मी घड्याळात पाहिलं.

"करा काका," मी म्हटलं, "लिहिलं."