सकाळची शाळा, दुपारची शाळा

गुजरातेत, उधन्यात, आमच्या घरामागच्या रस्त्यावर महानगरपालिकेची एक इमारत आहे, तिच्यात दोन शाळा भरतात. सकाळी सातला मराठी, दुपारी साडेबाराला गुजराती. बाकं तीच, फळे तेच, पाण्याची टाकीही तीच. माझी मुलगी पाचवीपर्यंत सकाळच्या शाळेत शिकली. सहावीला तिला तिथेच ठेवायचं की दुपारच्या शाळेत घालायचं, यावर त्या उन्हाळ्यात आमच्या घरी महिनाभर बोलणं चाललं.

विषय काढला मुलीच्या पप्पांनी. ते पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या कामाला आहेत. जेवता जेवता म्हणाले, "आठवीनंतर तिला गुजरातीतच जावं लागणार. मराठी हायस्कूल इथून केवढं लांब! मग आत्ताच गेली तर काय बिघडलं? सवय व्हायला तीन वर्षं मिळतील."

म्हणणं बरोबर होतं. तरी मी ताटातच बघत बसले.

मी स्वतः याच गावात वाढले. माझे वडील अमळनेरकडून इथे कापडाच्या लूमवर कामाला आले, आणि मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. आठवीला गुजराती हायस्कूलमध्ये गेले. गुजराती विषय आम्हाला आधीही होता, पण एक विषय असणं वेगळं आणि भूगोल, गणित, विज्ञान सगळं त्यात शिकणं वेगळं. त्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. घाईत वाचायला गेलं की मला 'ख' आणि 'झ' ओळखूच यायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी हात वर केला आणि सवयीने म्हणाले, "बाई, पाणी पिऊन येऊ?" सगळा वर्ग हसला. तिथे शिक्षिकेला 'बेन' म्हणतात; घरकाम करणारीला 'बाई' म्हणतात, हे मला नंतर कळलं. शिक्षिका रागावल्या नाहीत, त्यांनी हसून जा म्हटलं. पण त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. तहान लागली तरी नाही. दहावी झाले आणि शाळा सोडली.

हे मी घरी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. माझी मुलगी दिवसभर बडबड करणारी. वर्गात सरांना मध्येच थांबवून प्रश्न विचारते, अशी तक्रार पाचव्या वर्षापासून ऐकत आलेय. ती गप्प झाली तर, एवढीच माझी भीती होती.

मराठी शाळेच्या सरांना विचारू, असं ठरवून मी एका सकाळी गेले. सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसली होती, दोन्ही मिळून एकोणीस मुलं. सरांनी सातवीला गणितं घातली आणि माझ्याशी बोलायला व्हरांड्यात आले. पंचवीस वर्षं त्याच इमारतीत शिकवत होते.

"सर, तुम्ही सांगाल तसं करीन," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, मला विचारू नका. वर्ग टिकायला मला मुलं हवीत. तुमची मुलगी हुशार आहे, तिला इथेच ठेवा असंच माझ्या तोंडून येणार. ते तिच्या भल्यासाठी आहे की माझ्या, हे मलाच सांगता येणार नाही."

चष्मा पुन्हा लावून तेच पुढे म्हणाले, "इथे ती पहिली येईल. तिला नाव घेऊन हाक मारणारं माणूस असेल. पण दोन वर्षांनी मी रिटायर होतोय. माझ्या जागी कोण येईल, येईल की नाही, माहीत नाही. हे सगळं खरं आहे. आता तुम्ही ठरवा."

सरांनी इतकं सरळ बोलायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी एका बाजूला ओढलं असतं तर सोपं झालं असतं.

दुपारच्या शाळेत मुलीला घेऊनच गेले. मोठ्या बेन, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, नुकत्याच येऊन बसल्या होत्या. एकेका वर्गात पन्नासच्या वर मुलं. बाहेर मुली खो-खो खेळत होत्या, माझ्या मुलीचं सगळं लक्ष तिकडे. बेननी सहावीचं विज्ञानाचं पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "वांच जोइए." वाच बघू.

मुलगी बोट ठेवून वाचू लागली. अडखळत होती. एका शब्दाला थांबली, दुसरा चुकीचा वाचला, आणि तिथेच मान वर करून विचारलं, "बेन, आनो अर्थ शुं?"

बेननी अर्थ सांगितला. मुलीने "अच्छा" म्हटलं आणि पुढे वाचायला लागली. दोन ओळींनी पुन्हा थांबून पुन्हा विचारलं. तिला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसतच नव्हतं. मी बाजूला उभी राहून बघत होते. मी तिच्या वयाची होते तेव्हा अशी नव्हते. इतके दिवस मी तिचा विचार करतेय असं समजत होते, आणि खरं तर स्वतःचाच करत होते.

घरी आल्यावर मी आठवीतली ती गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितली. मुलीचे पप्पा हसले नाहीत. सासरे खाटेवर बसून ऐकत होते. ते अजून घरात अहिराणीच बोलतात. म्हणाले, "पोरले इचार ना. शाळामा तिले जानं शे." पोरीला विचार, शाळेत तिला जायचंय.

मग तिला विचारलं. ती म्हणाली, "दुपारच्या शाळेत खो-खो आहे. पण माझ्या मैत्रिणी?"

"त्या बारा वाजता सुटतील, तू साडेबाराला जाशील."

"मग मी बारालाच जाईन," ती म्हणाली. तिच्यापुरतं ठरलं.

शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला मी सरांकडे गेले. सरांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, आणि एवढंच म्हणाले, "मराठी वाचन सोडू देऊ नका." आता त्यांच्या वर्गात एक मूल कमी होणार होतं, आणि ते माझं होतं.

पहिली सहामाही वाईट गेली. सामाजिक शास्त्रात ती नापास झाली. उत्तरं येत होती, पण लिहिताना निम्मी अक्षरं मराठी पडायची. पेपर दाखवताना ती रडली, आणि त्या दिवशी मी तिच्या पप्पांशी दिवसभर बोलले नाही, जसं काही सगळं त्यांनीच केलं होतं. साड्यांना लेस लावण्याचं काम मी घरीच करते. तेव्हापासून दुपारची शाळा सुटली की ती माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून धडा मोठ्याने वाचायची आणि मी माझ्या जुन्या, अर्ध्यामुर्ध्या गुजरातीने तिला सुधारायची. चार महिन्यांत ती मला सुधारू लागली. रविवारी मात्र मराठी पुस्तक घेऊन बसवते. कुरकुर करते, पण वाचते.

आता ती आठवीत आहे. पहिल्या दहात नसते. सकाळच्या शाळेत कदाचित पहिली आली असती. खो-खोच्या संघात आहे. तिच्या बडबडीची तक्रार आता गुजरातीत येते. सर रिटायर झाले. त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या, चांगल्या आहेत असं ऐकते, पण सहावी-सातवी मिळून आता अकराच मुलं उरली आहेत. हा आकडा ऐकला की मला अजून चुटपुट लागते.

या वर्षी नंदुरबारकडून आलेली शेजारीण विचारायला आली. "तुमची पोर दोन्हीकडे शिकली. माझी कुठे घालू?" मी तिला चहा दिला आणि दोन्हीकडचं जे होतं ते सगळं सांगितलं. माझी मुलगी नापास झाली तेही सांगितलं. तिची मुलगी लाजरी आहे, आईच्या पदराआडून बघत होती. शेजारणीने तिला सकाळच्या शाळेत घातलं. परवा सकाळी ती लाजरी पोर आमच्या दारावरून जाताना नव्या बाईंचं काहीतरी आईला रंगवून सांगत होती, आणि मला मनापासून बरं वाटलं.